घरून वकिलांचे काम : होकार द्या, पण आधी कामाची वाटणी करून घ्या

प्रश्न : मी बोरिवलीला राहते. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर फोर्टमधील एका वकिलांच्या कार्यालयात विधी सहायक म्हणून रुजू झाले आणि गेली सहा वर्षे तेथेच आहे. तारखांची डायरी, याचिकांच्या कागदांचे संकलन, सरांनी सांगितलेले मसुदे टाइप करणे, मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर आणि ई-फायलिंग ही माझी रोजची कामे. काही आठवड्यांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सासूबाईंना त्यांचे सगळे एकटीने करणे झेपत नाही आणि यजमानांची नोकरी फिरतीची आहे. मी घरून काम करू का, असे सरांना विचारले. ते तयार आहेत, परंतु पगार साठ टक्के देऊ म्हणतात. कागद माझ्या व्हॉट्सॲपवर येतील आणि बाकीचे ‘पुढे बघू’, एवढेच त्यांनी सांगितले. आमचे घर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच आहे. घरच्यांना वाटते की आता मी दिवसभर मोकळीच असणार. पगारातील तूट भरून काढण्यासाठी ‘घरबसल्या लीगल टायपिंग’ अशी एक जाहिरात पाहिली आहे, पण ते आधी नोंदणी शुल्क मागतात. मी काय करावे? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर पैसे जातील. त्या जाहिरातीला एक रुपयाही देऊ नका आणि तुमचे आधार, पॅन किंवा सही तेथे पाठवू नका. काम देणारा माणूस काम देण्यासाठी पैसे मागत नाही. या प्रकारची फसवणूक ठरावीक वाटेने जाते : आधी किरकोळ शुल्क, मग मुद्रांकावर केल्यासारखा दिसणारा एक ‘करार’, त्यानंतर इतक्या पानांचे टायपिंग की कोणाकडूनही चुका होणारच, आणि अखेरीस ‘तुम्ही कराराचा भंग केला, नुकसानभरपाई भरा, नाहीतर कोर्टात खेचू’ अशी कोणा तथाकथित वकिलाची नोटीस. सहा वर्षे नोटिसा हाताळलेल्या तुमच्यासारखीला ती नोटीस पोकळ आहे हे कळेल, पण घरातील माणसे घाबरतील. पैसे दिले गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आता मूळ प्रश्न. घरून काम करण्यास होकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु साठ टक्क्यांच्या आकड्यावर चर्चा करण्यापूर्वी तुमचे कोणते काम घरी येते, कोणते फोर्टलाच राहते आणि राहिलेले कोणी करायचे, ही वाटणी सरांबरोबर बसून लेखी करून घ्या. ती न करता तुम्ही पगार कपात मान्य केलीत, तर काही महिन्यांत पगार साठ टक्के आणि काम शंभर टक्के अशी स्थिती येईल, आणि त्या वेळी बोलायला तुमच्या हातात काहीही नसेल. ‘पुढे बघू’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात खोट असतेच असे नाही. वकिलाच्या कार्यालयात उद्याच्या बोर्डापलीकडचा, म्हणजे उद्या सुनावणीला असलेल्या प्रकरणांच्या यादीपलीकडचा, विचार करायला सवड नसते, एवढेच त्यामागचे कारण असू शकते. म्हणूनच तो विचार तुम्ही करून सरांपुढे ठेवायचा आहे.

फोर्टलाच राहणारी कामे आधी पाहू. वकीलपत्रावर आणि शपथपत्रावर पक्षकाराच्या सह्या घेणे, पक्षकाराला शपथेसाठी नोटरीसमोर किंवा संबंधित अधिकाऱ्यासमोर उभे करणे, न्यायालयाच्या कार्यालयाने काढलेल्या हरकती खात्यात जाऊन दूर करणे, प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करून त्या आणणे, नोटिसांची बजावणी, मूळ कागदांची तपासणी : यांतले काहीही बोरिवलीहून होणार नाही. हे काम कार्यालयातील कारकुनाकडे किंवा ज्युनियर वकिलाकडे जाईल. सरांच्या मनातील चाळीस टक्के बहुधा याचेच आहेत आणि त्यांत काही तथ्य आहे, हे तुम्हीही मान्य करायला हवे. मात्र तुमच्या दिवसातील नेमका किती वेळ या कामांत जात होता, हे तुमच्याइतके कोणालाच माहीत नाही. मागच्या महिन्याची डायरी काढा आणि तो वेळ मोजा. तो दिवसाचा चौथा भाग निघाला, तर चर्चा तेथून सुरू होईल, चाळीस टक्क्यांपासून नव्हे.

घरी येणाऱ्या कामांत सर्वांत जोखमीची गोष्ट म्हणजे तारखांची डायरी, आणि तिच्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो. उच्च न्यायालयाचा दुसऱ्या दिवशीचा बोर्ड संध्याकाळी संकेतस्थळावर येतो, पुरवणी बोर्ड त्यानंतरही येऊ शकतो, आणि दिवाणी व दुय्यम न्यायालयांतील प्रकरणांची स्थिती प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पाहता येते. हे सगळे घरून उत्तम होते, किंबहुना लोकलच्या गर्दीत एका हाताने फोन पाहण्यापेक्षा नीट होते. अडचण तेथे नाही. अडचण आहे ती ज्या तारखा कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाहीत त्यांची. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे प्रतिवादीने लेखी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, न्यायालय कारणे नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते, आणि व्यापारी दाव्यांत १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच जातो. हे दिवस मोजायचे ते समन्स पक्षकाराकडे बजावले गेल्याच्या तारखेपासून. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा : अंधेरीतील एखाद्या कंपनीत समन्स स्वागतकक्षातील मुलगी किंवा पहारेकरी घेतो, ते साहेबांच्या टेबलावर चार दिवस पडून राहते, मग पक्षकार सरांना फोन करतो, आणि सर कोर्टाच्या जिन्यात उभे राहून ‘पाठवून द्या’ म्हणतात. तुम्ही कार्यालयात असताना तो पक्षकार येताच तुम्ही लिफाफा मागून घेत होता आणि बजावणीची तारीख डायरीत लिहीत होता. तुम्ही घरी असाल, तेव्हा ही नोंद कोण करणार?

यासाठी दोन गोष्टी सरांकडून मान्य करून घ्या. नवीन समन्स, नोटीस किंवा आदेश आला की कार्यालयातील ज्याच्या हाती तो पहिल्यांदा पडेल त्याने त्याच दिवशी लिफाफ्यासह स्कॅन करून तुमच्या कार्यालयीन ईमेलवर पाठवायचा, आणि पोच म्हणून तुम्ही उत्तरात शेवटची तारीख मोजून कळवायची. शिवाय डायरी दोन ठिकाणी असावी, एक सामायिक कॅलेंडरमध्ये आणि एक कार्यालयातील जाड वहीत, आणि ठरलेल्या वारी तुम्ही व कारकून दोघांनी फोनवर बसून त्या ताडून पाहाव्यात. हे कंटाळवाणे वाटेल, पण एखादी तारीख चुकली तर ‘ती घरून काम करते ना’ हे वाक्य सर्वांत आधी तुमच्या नावावर पडेल. त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलणारा कागद तुमच्याजवळ असलाच पाहिजे.

कागदांच्या संकलनाविषयी एवढेच सांगतो की तुमच्याकडील पीडीएफ आणि कार्यालयातील छापील प्रत यांचे पृष्ठांक एकच राहिले पाहिजेत. ऐन वेळी कोणीतरी कार्यालयात ‘४७अ’ असे पान घालते आणि तुमच्या प्रतीत ते नसते. मग ज्येष्ठ वकील न्यायालयात एक पान सांगतात आणि न्यायाधीशांसमोर दुसरेच उघडते. फाइल दाखल होण्यापूर्वीचा शेवटचा बदल फक्त एकाच व्यक्तीने करायचा, हा नियम घालून द्या आणि ती व्यक्ती तुम्ही असाल तर उत्तम.

तुमच्या पत्रात एक काम तुम्ही जाता जाता उल्लेखले आहे आणि माझ्या मते तेच तुमचे खरे भांडवल आहे, ते म्हणजे मराठी कागदपत्रांचे भाषांतर. उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते, आणि महाराष्ट्रातील जमिनीचे, पोलिसांचे व तहसील कार्यालयाचे बहुतेक कागद मराठीत असतात. त्यामुळे सातबारा, फेरफार, पंचनामे, जबाब, जुनी खरेदीखते आणि सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते इंग्रजीत नेणारा भरवशाचा माणूस प्रत्येक कार्यालयाला लागतो. हे काम केवळ भाषा येऊन जमत नाही. सातबाऱ्याचे भाषांतर करताना भोगवटादाराचे नाव आणि क्षेत्र व्यवस्थित लिहिले, पण ‘इतर हक्क’ या रकान्यातील बारीक अक्षरांतला बँकेचा बोजा किंवा कुळाची नोंद गाळली, तर जमिनीचे चित्रच बदलते. ‘भोगवटादार वर्ग २’ ही नोंद अशीच आहे. त्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध असतात, हे ज्याला ठाऊक नाही तो ती दोन शब्दांची नोंद किरकोळ समजून पुढे जातो. फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिलेला असतो, कंस केलेली नावे कमी झालेली असतात, आणि हस्तलिखित जुन्या उताऱ्यात ही खूण अस्पष्ट असते. हे वाचण्याची नजर तुम्ही सहा वर्षांत कमावली आहे आणि तिला शांत जागा व सलग वेळ लागतो. फोर्टमधील कार्यालयात दर दहा मिनिटांनी वाजणाऱ्या फोनपेक्षा तो सकाळच्या वेळी घरी अधिक मिळू शकेल.

म्हणून सरांशी बोलताना भाषांतर हे वेगळे काम म्हणून मांडा. एक तर पूर्ण पगारात ते धरावे, किंवा पगार कमी करायचा असेल तर भाषांतराचे पानागणिक वेगळे पैसे ठरवावेत. पान म्हणजे मूळ कागदाचे की भाषांतराचे, हस्तलिखिताचा दर छापील कागदाइतकाच की अधिक, तातडीच्या कामाचे काय, हेही त्याच वेळी ठरवून टाका. पुढे इतर वकिलांचे भाषांतर घेण्याची इच्छा झाली तर सरांना विचारूनच घ्या, कारण समोरच्या पक्षकाराचे कागद नकळत तुमच्याकडे येण्याचा धोका असतो आणि मुंबईतील वकिलीचे जग वाटते तेवढे मोठे नाही.

आता गोपनीयतेकडे वळतो. एका खोलीच्या घरात हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि सरांनी ज्या सहजतेने ‘व्हॉट्सॲपवर पाठवू’ असे म्हटले, त्यावरून त्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट उघड होऊ नये, हे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम १३२ने वकिलाबरोबर त्याच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू केले आहे. म्हणजे हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही, तर तुमच्यावरील कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती घरी आल्यावर सैल होत नाही. तुमच्या खाजगी फोनमधील छायाचित्रांत पक्षकारांची आधारपत्रे आणि घटस्फोटाच्या याचिकांची पाने मिसळू लागली, तर फोन भाच्याच्या हाती गेला तरी गोपनीयता मोडली. म्हणून कार्यालयाचा लॅपटॉप, कार्यालयाचा ईमेल आणि फाइली ठेवण्यासाठी कार्यालयाची सामायिक ऑनलाइन जागा मागा. ही मागणी तुमच्या सोयीसाठी नसून सरांच्या पक्षकारांसाठी आहे, असे सांगितले तर ते नाकारणार नाहीत, असे मला वाटते.

छपाईच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगेन. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप क्रमांक लिहिलेला असतो, आपण फाइल पाठवतो, तो मुलगा संगणकावर उघडून प्रती काढून देतो आणि आपण पैसे देऊन निघतो. फाइल मात्र त्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये राहते, पुढच्या प्रत्येक ग्राहकाच्या नजरेसमोर. पक्षकाराचा एकही कागद त्या वाटेने जाऊ देऊ नका. छपाई कार्यालयातच व्हावी. घरी कच्ची टिपणे झालीच, तर ती फाडून रद्दीत न टाकता कार्यालयाच्या दिवशी परत न्यावीत.

पक्षकाराशी फोनवर बोलायचे असेल तेव्हा स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे किंवा इमारतीच्या गच्चीवर जावे, आणि बोलताना नावाऐवजी प्रकरणाचा क्रमांक वापरण्याची सवय लावून घ्यावी. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातील प्रकरणे शक्यतो घरी आणूच नका. त्यांतील पक्षकार कोणाचा तरी शेजारी किंवा नातलग निघतो, आणि घरातल्या माणसांनी मुद्दाम ऐकले नाही तरी एखादे नाव कानावर पडतेच. सरांच्या ई-फायलिंगच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे असेल, तर प्रत्येक फाइल दाखल करण्यापूर्वी सरांची लेखी ‘ठीक आहे’ घ्या. दाखल होणारा कागद त्यांच्या नावाने जातो, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचाच असला पाहिजे.

याच ओघात एक सावधगिरी. घरी एकट्याने काम करताना मसुदा किंवा भाषांतर लवकर उरकण्यासाठी एखाद्या एआय साधनात मजकूर टाकण्याचा मोह होतो. पक्षकाराचा कागद अशा साधनात सरांच्या परवानगीशिवाय टाकू नये आणि त्याने दिलेला कोणताही न्यायनिर्णय मूळ ठिकाणी उघडून वाचल्याशिवाय मसुद्यात येऊ देऊ नये. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने अस्तित्वातच नसलेले निर्णय उद्धृत केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला होता, आणि ते निर्णय अशाच साधनाने रचून दिलेले होते.

दुसरी सावधगिरी सोसायटीतील लोकांबाबत. तुम्ही दिवसभर घरी दिसू लागलात की भाडेकरार पाहून द्या, मृत्युपत्र लिहून द्या, नोटिशीला काय उत्तर देऊ, असे प्रश्न दाराशी येतील. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत वकिलांनाच आहे, आणि तुम्ही वकील नाही. शेजारधर्म सांभाळून, पण ठामपणे, त्यांना एखाद्या वकिलाकडे पाठवा.

घरच्यांविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, परंतु त्यामागील थकवा मला जाणवतो. घरी असणे आणि मोकळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सासूबाईंना आणि यजमानांना तुम्ही एकदा बसून, न रागावता सांगायला हवे. त्यासाठी दिवसातील दोन वेळा ठरवून घ्या, ज्या वेळी तुम्ही कोणासाठीही उठणार नाही. माझ्या मते एक सकाळी दहा ते एक असावी, भाषांतर आणि मसुद्यांसाठी, आणि दुसरी संध्याकाळी बोर्ड येण्याच्या सुमाराची. दुपारचा वेळ सासऱ्यांचे जेवण, औषधे आणि व्यायाम यांसाठी मोकळा राहील. अर्धांगवायूच्या रुग्णाला कुशीवर वळवणे आणि अंग पुसणे ही कामे एकट्या बाईने रोज करण्यासारखी नाहीत, तुमची पाठ त्यात जाईल. सकाळी दोन तास तरी मदतनीस ठेवा. त्याचा खर्च तुमच्या पगारातून होणार आहे, आणि चाळीस टक्के कपात आत्ताच मान्य करू नका असे मी म्हणतो त्याचे हे दुसरे कारण आहे. यजमान फिरतीवर नसतील त्या आठवड्यात आठ तासांचा एक दिवस त्यांनी पूर्ण अंगावर घ्यावा आणि तोच तुमचा फोर्टचा दिवस असावा.

हा फोर्टचा दिवस सोडू नका. सह्या, मूळ कागद, छपाई, हरकतींची चौकशी ही कामे त्या दिवशी उरकतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खात्यांतील ज्या माणसांच्या ओळखी तुम्ही वर्षानुवर्षे जपल्या त्या टिकतील. सासऱ्यांची प्रकृती सुधारल्यावर तुम्हाला पूर्णवेळ परत जायचे झाले, तर तुमची खुर्ची तेथे आहे हे सर्वांच्या लक्षात राहिलेले असेल.

सरांना पाठवायच्या ईमेलचा मसुदा खाली देतो. तो तुमच्या शब्दांत बदलून घ्या.

‘आदरणीय सर, सासऱ्यांच्या आजारपणामुळे पुढील तीन महिने मी घरून काम करावे, यास आपण दिलेल्या अनुमतीबद्दल आभारी आहे. तारखांची डायरी, संकलन, मसुदे, ई-फायलिंगची तयारी आणि मराठी कागदांची भाषांतरे मी घरून करीन. सह्या, शपथपत्रे, प्रमाणित प्रती आणि हरकतींचे काम कार्यालयातून व्हावे, आणि आठवड्यातील एक दिवस मी कार्यालयात येईन. पक्षकारांच्या कागदांच्या सुरक्षिततेसाठी कार्यालयाचा लॅपटॉप व ईमेल मिळावा, ही विनंती. माझी कामाची वेळ सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते आठ राहील. दुसऱ्या दिवशी प्रकरण बोर्डावर असल्यास त्यानंतरही उपलब्ध असेन. मागील महिन्याच्या नोंदीवरून घरून न होणाऱ्या कामांत माझा किती वेळ जात होता, याचा तक्ता सोबत जोडला आहे. वेतनाचा निर्णय तो पाहून व्हावा आणि तीन महिन्यांनी आपण पुन्हा आढावा घ्यावा, अशी विनंती आहे.’

हा मजकूर व्हॉट्सॲपवर न पाठवता ईमेलने पाठवा, तक्ता जोडायला विसरू नका, आणि उत्तर येईपर्यंत पगाराच्या आकड्याला फोनवर तोंडी होकार देऊ नका.